चार खणांचा सौदा

"पाऊस लागायच्या आत उतरवून न्या म्हणावं सायबाला. मंग चिखलात गाड्या रुततात, वासे भिजतात, आन् बोल आमाला लागतो."

म्हातारी मागच्या पडवीत शेजारणीशी बोलत होती. मी आतल्या खोलीत पाण्याच्या घड्यापाशी उभी होते. तांब्या तोंडाला लावलेला होता, तो तसाच राहिला.

"आन् जागंचं काय?" शेजारणीने विचारलं.

"जागंचं काय व्हयाचंय? ती हाय तितंच. तिगा भावांची ती, ती कोन इकतो? कुंपान घालू, वाल लावू."

"वाल चांगलं व्हतील. चुलीची राख मुरलेली जागा."

"सोन्यासारखं व्हतील," म्हातारी म्हणाली.

मी तांब्या घड्यावर पालथा घातला. भिंतीपलीकडे, पुढच्या ओटीवर, बाबा पावलं मोजत चालत होते. या कोपऱ्यात आपलं टेबल, इथे पुस्तकांची फळी. आई अंगणात उभी राहून तुळस कुठे ठेवायची ते ठरवत होती. घराचा मालक, तो म्हातारा शेतकरी, खांबाला टेकून कौतुकाने दोघांकडे पाहत होता आणि मधूनमधून खांबावर थाप मारून म्हणत होता, "साग हाय सायेब, बापसाच्या वक्ताचा. कीड नाय, फट नाय."

बाबांनीही खांबावर थाप मारली. दोघे हसले.

तेव्हाच मला समजलं होतं. पूर्ण नाही, पण पुरेसं. हा म्हातारा आम्हाला राहायला घर विकत नव्हता. तो खांब, तुळया, वासे आणि कौलं विकत होता. ती आम्ही गाड्यांत भरून न्यायची होती आणि खालच्या जमिनीवर त्यांचे वाल उगवणार होते.

मी बाहेर आले. बाबांनी विचारलं, "काय, आवडलं का घर?"

मी मान डोलावली.

*

लढाई सुरू होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. रंगूनवर बॉम्ब पडल्याची बातमी आली आणि मुंबईतल्या आमच्या चाळीतून रोज एकेका बिऱ्हाडाचं सामान निघू लागलं. आमची शाळा, जिथे मी नऊ वर्षं इंग्रजीतून शिकले, तिच्या खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या आणि पुढे ती बंदच झाली. बाबा मुंबईच्या कोट भागातल्या एका कचेरीत कारकून. त्यांनी आई आणि मला शहापूरला दोन खोल्या भाड्याने घेऊन ठेवलं. ते स्वतः मुंबईतल्या खोलीतच राहत. शनिवारी दुपारनंतर आसनगावला उतरायचे आणि टांग्याने यायचे.

एका पगारात दोन बिऱ्हाडं. बाबांनी याचा तक्ता मांडला होता, तो शहापूरच्या खोलीत दाराच्या मागे खिळ्याला अडकवलेला असे. मुंबईचं भाडं, खानावळ, शहापूरचं भाडं, दूध, रॉकेल, टांगा. शेवटच्या ओळीत 'शिल्लक' असा शब्द लिहिलेला आणि त्याच्यापुढे कोरी जागा. तक्ता लावला तेव्हा बाबा म्हणाले होते, "ही जागा कोरी राहिली तरी चालेल. पण उणं व्हायला नको." पहिले दोन महिने ती कोरी राहिली. मग घरमालकीणबाईंनी भाडं सहा रुपयांवरून नऊ केलं.

पुढच्या वर्षीच्या पौषात बाबांना कुणीतरी म्हशाच्या जत्रेला नेलं. बैल बघायचे म्हणून नव्हे, जत्रा बघायची म्हणून. परतले ते चेहरा उजळूनच. तिथे एक शेतकरी भेटला होता. बैल विकायला आला होता आणि घरही विकायचं आहे असं बोलत होता. मुरबाडच्या पलीकडे धसईच्या वाटेवर एक वाडी, तिथे सागाचं घर, चार खणांचं. दोन खांबांमधल्या जागेला तिकडे खण म्हणतात आणि घराची किंमत खणावर सांगतात. एका खणाला पंच्याहत्तर.

"आणि किंमत कशी ठरली माहीत आहे?" बाबा आईला सांगत होते. "टॉवेलाखाली! बैलांचा सौदा करतात तसा. त्याने माझा हात टॉवेलाखाली धरला, बोटं दाबली, मी दाबली. तोंडाने एक शब्द नाही. त्याला वाटलं होतं हा मुंबईचा माणूस, याला काय समजणार. मी बरोबर पंच्याहत्तरवर आणला त्याला."

"चांगला माणूस आहे ना पण?" आईने विचारलं.

"अगं, इसार म्हणून पंचवीस दिले तर त्यातले पाच परत करत होता. म्हणाला, एवढं कशाला, तुमचा शब्द हाय ना."

माणूस चांगलाच होता. हेच पुढे मला सगळ्यात जास्त घाबरवत राहिलं. कुणी फसवत असतं तर मी कदाचित ओरडले असते. पण इथे कुणीच खोटं बोलत नव्हतं. म्हाताऱ्याच्या मुलुखात बाहेरचा माणूस घर विकत मागतो तो लाकडासाठीच. भिवंडीचे, कल्याणचे व्यापारी येतात, खण मोजतात, पैसे देतात आणि घर उतरवून नेतात. हे त्या गावात सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे कुणी बोलून दाखवत नाही. आणि बाबांच्या जगात घर म्हटलं की त्याच्याखाली जमीन असतेच. तेही कुणी बोलून दाखवत नाही. टॉवेलाखाली दोघांची बोटं जुळली होती, तेवढंच.

*

तर मग मी त्याच दिवशी का बोलले नाही?

परतताना मुरबाडहून कल्याणपर्यंत कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारीत आम्ही बसलो होतो. चढ आला की मोटार थांबायची, क्लीनर मागच्या टाकीत सळई घालून ढवळायचा, आणि उतारू खाली उतरून उभे राहायचे. अशी तीनदा थांबली. तिन्ही वेळा बाबा माझ्या शेजारी रस्त्याच्या कडेला उभे होते. तिन्ही वेळा मी शब्द जुळवले आणि गिळले.

मी चौदा वर्षांची असताना बाबांनी पगारवाढीचा एक अर्ज इंग्रजीत लिहिला होता. कचेरीतले त्यांचे एक स्नेही घरी आले असताना त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. मी कोपऱ्यातून म्हणाले की, यात दोन चुका आहेत. सांगितल्याही. स्नेही मोठ्याने हसले, "वा! फीचे पैसे वसूल झाले की हो तुमचे!" बाबाही हसले. अर्ज त्यांनी घडी करून खिशात घातला आणि तो पुढे दिलाच नाही. त्या दिवसापासून ते माझ्यासमोर इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत नाहीत. पूर्वी रोज वाचायचे.

ज्या पगारवाढीसाठी तो अर्ज होता, ती त्या वर्षी त्यांना मिळाली नाही. मला कुणीच काही म्हटलं नाही. माझ्या फीचे पैसे वेळेवर भरले गेले, आणि आई दुपारचा चहा घेईनाशी झाली.

तेव्हापासून मी माझ्यापुरता एक नियम केला होता. बाबांची चूक दिसली तरी ती आपल्याला दिसली नाही असं समजायचं. मोटारीच्या धुरात उभी राहून मी तोच नियम पाळत होते. शिवाय मला वाटत होतं, कदाचित मलाच नीट समजलं नसेल. त्या बाजूची बोली मला नवीन. घरात मराठी, पण वाचणं-लिहिणं सगळं इंग्रजीतलं. 'उतरवून न्या' म्हणजे दुसरंच काही असेल. मी स्वतःला असं समजावलं आणि त्या समजावण्यावर विश्वास ठेवला नाही.

*

होळीनंतरच्या मंगळवारी घरमालकीणबाई एका अनोळखी जोडप्याला घेऊन आमच्या खोलीत आल्या. विचारलं वगैरे नाही. मी कणीक मळत होते. त्या जोडप्यातल्या बाई माझ्या डोक्यावरच्या खिडकीची रुंदी हाताने मोजू लागल्या.

"इथे कपाट बसेल," त्या म्हणाल्या.

"बसेल की," घरमालकीणबाई म्हणाल्या. "यांचं आता स्वतःचं घर झालंय मुरबाडला. पाडव्याला जायचेत ना तुम्ही?"

आई चुलीपुढून उठली. "हो, पाडव्याला."

"मग चैत्राचं भाडं मी यांच्याकडून धरते. चौदा देतायत." मग माझ्याकडे वळून, "काय गो, मडमिणीच्या शाळेतली ना तू? तिकडे मुरबाडला कुणाशी इंग्लिश बोलशील? म्हशीशी?"

जोडप्यातले गृहस्थ हसले. आईही थोडं हसली, कारण चौदा रुपये ऐकल्यावर तिला दुसरं काय करावं ते सुचलं नसावं. मी कणीक मळत राहिले. बोटांच्या बेचक्यांत पीठ सुकायला लागलं होतं.

त्या गेल्यावर आईने कोनाड्यातून मुठीचा डबा काढला. रोज भात शिजवताना मापलेल्या तांदळांतून एक मूठ ती परत त्या डब्यात टाकायची. लग्न झाल्यापासून. महिन्याअखेर डबा भरला की ते तांदूळ विकायचे आणि त्याचे पैसे एका खणाच्या कापडाच्या बटव्यात. बाबांना बटवा आहे हे ठाऊक होतं, किती आहेत ते ठाऊक नव्हतं. "एक मूठ कमी खाल्ल्याने कुणी मरत नाही," ती म्हणायची. अठरा वर्षांत बटव्यात एकसष्ट रुपये झाले होते. त्यांतले बरेच जुने, राणीच्या छापाचे.

"हे पण देणार आहे मी," ती म्हणाली. "त्यांच्या पोस्टातले दोनशे चौदा होतात. बाकीच्यासाठी ते कचेरीतून उचल घेणार होते. कशाला? आपल्या घरात माझी मूठ नको?"

"आई, घर उतरवणं म्हणजे काय गं?"

"काय की. का?"

"काही नाही."

ती बटव्याची नाडी बांधत होती. गाठ घट्ट बसेना म्हणून तिने दातांत धरली. मला माझा नियम मोडायची तेव्हा जितकी इच्छा झाली तितकी आधी कधी झाली नव्हती. पण मोडून काय होणार होतं? या खोल्या गेल्या होत्या. घर नाही म्हटलं तर एकच ठिकाण उरत होतं, मोठ्या काकांचं. तिथे गेल्या उन्हाळ्यात पंधरा दिवस राहिलो तेव्हा काकू आईला वाढताना दर वेळी विचारत, "आणखी लागणार आहे का?" नाहीतर मुंबई. रात्री दिव्यावर काळा कागद, आणि भोंगा.

म्हणजे बोलले तर आम्हाला घर नाही. नाही बोलले तर घरही नाही आणि पैसेही नाहीत. तरी न बोलणं मला सोपं वाटत होतं, कारण त्यात आणखी काही दिवस सगळे आनंदात राहणार होते.

*

मग मी ते घर पाहिलं. आमचं नव्हे, दुसरं.

मी आणि आई बाजारातून येत होतो. शेणव्याच्या बाजूने पाच बैलगाड्या एकामागून एक आल्या. पहिल्या गाडीत खांब होते, सोलून गुळगुळीत झालेले, मधोमध दिव्याच्या काजळीचे डाग. दुसरीत वासे. तिसरीत गवतात रचलेली कौलं. चौथ्या गाडीत एक चौकट उभी बांधली होती, दारासकट. तिच्यावर हळदीचे हाताचे ठसे होते, वरच्या बाजूला आंब्याच्या पानांची वाळलेली माळ. गाडी हलली की दार उघडायचं आणि मिटायचं. दारातून पलीकडचा रस्ता दिसायचा.

पानवाल्याच्या दुकानासमोर उभा असलेला टांगेवाला म्हणाला, "चाललं बघा घर भिवंडीला."

"कुणाचं?" पानवाल्याने विचारलं.

"आता व्यापाऱ्याचं. लढाईनं लाकडाचं सोनं झालंय. जिवंत घरं मोडून विकतात लोक."

"आन् रातच्याला कुटं निजतात?"

"भावाच्या पडवीत. पैका हाय ना उशाला!"

दोघे हसले. आई त्या चौकटीकडे पाहत म्हणाली, "शकुनाची दिसते. कुणाच्या तरी घराला लागेल." आणि पुढे चालायला लागली. तिला त्या गाड्यांमध्ये आमचं काहीही दिसलं नाही. मला मात्र ते दार घरी पोचेपर्यंत उघडत-मिटत दिसत होतं.

त्या दुपारी मी पोस्टकार्ड घेऊन बसले. इंग्रजीत लिहिणं मला सोपं, पण इंग्रजीत बाबांना त्यांची चूक सांगायची म्हणजे पुन्हा तोच अर्ज. मराठीत लिहिलं तर माझं अक्षर दुसरीतल्या मुलीसारखं. शिवाय पोस्टकार्ड सगळेच वाचतात. इथला पोस्टमन वाचणार, बाबांच्या कचेरीतला शिपाई वाचणार, आणि ते हातात पडायच्या आधी कचेरीभर होणार की साहेबांनी बिनजमिनीचं घर घेतलं. मी तीन ओळी लिहिल्या. 'तीर्थरूप बाबांस, साष्टांग नमस्कार. एक गोष्ट कळवायची होती.' तिथेच थांबले. कार्ड भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. बाबा येतील तेव्हा तोंडानेच सांगू.

शनिवारी बाबा आले. पोस्टातले पैसे काढून आणले होते. कोटाच्या आतल्या खिशाला त्यांनी सेफ्टीपिन लावली होती, आणि चहा पितानाही एक हात तिथेच होता. आईने बटवा पुढे केला तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"एवढे?" त्यांनी विचारलं.

"मुठीचे," आई म्हणाली.

बाबांनी बटवा हातात तोलला. मग उठून दारामागचा तक्ता काढला, आणि पेन्सिलीने शहापूरच्या भाड्याची ओळ खोडली. दोनदा खोडली. "आता ही ओळ आयुष्यात पुन्हा लिहायची नाही," ते म्हणाले.

मी विचारलं, "बाबा, कागद करायचा आहे ना? रजिस्टर?"

माझ्या बाजूने हा मोठा पराक्रम होता.

"करू ना. राहायला गेल्यावर मुरबाडच्या कचेरीत जाऊन करू. आधी पैसे. टॉवेलाखालचा सौदा आहे, लगेच कागद मागितला तर म्हातारा दुखावेल. खेड्यातली माणसं शब्दाची असतात, बाळ. तुमच्या शाळेत हे शिकवत नाहीत."

पुढचे तीन दिवस मी जेवले, भांडी घासली, सामान बांधलं. रोज सकाळी उठल्यावर वाटे आज सांगू, आणि रोज संध्याकाळी पाडवा एक दिवसाने जवळ आलेला असे. पितळेचे डबे पोत्यात भरताना त्यांचा आवाज झाला तरी मी दचकत होते.

*

पाडव्याला पहाटे निघालो. बाबांनी कचेरीचा कोट घातला होता, वर उपरणं. आईने नव्या घरात ठेवायला म्हणून एक कलश, नारळ आणि पाच मुठी तांदूळ बरोबर घेतले होते. बाकीचं सामान घरमालकीणबाईंनी संध्याकाळपर्यंत ओटीवर राहू द्यायचं कबूल केलं होतं. त्यांच्या नव्या बिऱ्हाडाचा हमाल आमच्या खोलीच्या दारात आधीच येऊन बसला होता.

वाडीत पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. प्रत्येक घरापुढे गुढी होती. म्हाताऱ्याच्या दोन्ही भावांची घरं अगदी भिंतीला भिंत लागून, त्यांच्यापुढेही. त्याच्या घरापुढे मात्र गुढी नव्हती. अंगणात चार गाड्या बैल सोडून उभ्या होत्या. पडवीवरची कौलं काढून भिंतीशी ओळीने रचून ठेवली होती.

"बघ," बाबा आईला म्हणाले, "पावसाआधी कौलं चाळायलाही काढली यांनी. किती काळजी आहे."

"आणि गाड्या?"

"त्यांचं सामान न्यायला. आणि गुढी त्यांनी आपल्यासाठी ठेवलेय. नव्या मालकाने उभारायची."

आईने पदर डोक्यावरून घेतला. तिचे डोळे भरले होते.

आत गेलो. देव्हाऱ्याची फळी रिकामी होती, तिच्यावर फक्त देवांच्या बुडांचे गोल डाग. आणि प्रत्येक खांबावर, माझ्या छातीच्या उंचीला, गेरूने रेघा ओढलेल्या होत्या. एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. खांब सुटे केल्यावर कुठला कुठे होता ते समजावं म्हणून. सुताराने ओढल्या असाव्यात. बाबांनी त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "सणाचं रंगकाम."

म्हातारी तीन रेघांच्या खांबापाशी बसली होती. तिने मला जवळ बोलावलं.

"ये गो. तू मागल्या येळेस पानी प्यायलीस ना? तू ना?"

मी मान डोलावली. तिने मला पडवीच्या दारातून पाहिलं होतं तर.

"या खांबाला टेकून मी तिगा पोरं पाजली," ती हळूच म्हणाली. "तुमी याला कुटं उबा कराल? मंबईला नगं गो. तितं बाम पडतंय म्हनं."

तिचा हात खांबावर होता. हाताच्या शिरा आणि लाकडाच्या शिरा सारख्याच दिसत होत्या. ती उत्तराची वाट बघत होती. मला पहिल्यांदाच जाणवलं की, या घरात भीती वाटणारी मी एकटी नव्हते. तिला फक्त वेगळ्या गोष्टीची वाटत होती.

मधल्या खणात पाट मांडला होता. पाटावर हळदकुंकू, विड्याची पानं, सुपारी. म्हातारा धुतलेलं धोतर नेसून एका बाजूला बसला. बाबा दुसऱ्या बाजूला. त्याचे दोन भाऊ दारात उभे राहिले, आणि गाडीवाले ओटीवर.

"बैस, बाळ," बाबा मला म्हणाले. मी आईशेजारी बसले.

बाबांनी कोटाची सेफ्टीपिन काढली. ती त्यांनी जपून उपरण्याला लावून ठेवली. नोटा पाटावर आल्या. मग आईने बटवा पुढे केला, पण नाडीची गाठ सुटेना. तिने ती पुन्हा दातांत धरली. म्हातारा हसला, "सावकाश, बाय. गाड्या मीच सांगितल्यात, त्यांना घाई नाय. आज निसती कौलं भरतील."

बाबाही हसले. त्यांना वाटलं म्हातारा विनोद करतोय.

गाठ सुटली. राणीच्या छापाचे रुपये पाटावर पडले. एक घरंगळत माझ्या पायापाशी आला. मी तो उचलला. गुळगुळीत होता, राणीचं नाक झिजलेलं. बाबांनी तो घ्यायला माझ्यापुढे हात पसरला.

त्यांचा हात तसाच होता. मी रुपया दिला नाही. बाबांच्या कपाळावर बारीकशी आठी पडली, अर्जाच्या दिवशी पडली होती तशी. मला त्यांच्याकडे बघून काहीही बोलता येणार नाही हे मला समजलं. म्हणून मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मी म्हाताऱ्याकडे वळले. माझा आवाज इतका बारीक निघाला की दारातले भाऊ पुढे वाकले.

"आजोबा, आम्ही घर उतरवून नेलं, की खालच्या या तुमच्या जागेत तुम्ही वालच लावणार ना?"